दुसऱ्याची लेन्स

“त्या मागच्या ट्यूबलाइट बंद करा जरा,” दुर्गेश म्हणाला, आणि रोहितनं उठून बटणं खाली केली.

धरमपेठेतल्या पहिल्या मजल्यावरच्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानाचा मागचा भाग एकदम काळवंडला. तिथे ट्रायपॉड रचून ठेवले होते, वर रिकाम्या खोक्यांची चळत होती. काउंटरवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी मांडलेले होते.

“आता त्या खोक्यांचा फोटो काढा. दोन्हीनं काढा. सेटिंग एकच पाहिजे.”

रोहित हा दुकानाचा मालक. शनिवारी दुपारी नवरा-बायको येतात, कॅमेरा हातात धरून पाहतात, रंगाबद्दल विचारतात, आणि घासाघीस करून घेऊन जातात, एवढीच त्याला सवय. तो हसला. “सर तर पूरी तयारी करून आले.”

“करावीच लागते ना गा. रोज रोज थोडी घेतो आपण.”

रीना काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिच्या गळ्यात एक तिसरा कॅमेरा होता. तो तिचा नव्हता. त्याच्या काळ्या पट्ट्यावर कोणीतरी पांढऱ्या मार्करनं ‘सं. रा.’ अशी अक्षरं लिहिली होती. घासून घासून ती पुसट झाली होती, तरी वाचता येत. दोन वर्षं दुर्गेश ती वाचत होता. कोराडीच्या कॉलनीतल्या घरात दारामागच्या खुंटीवर, जेवणाच्या टेबलावर, आणि रीना पाठमोरी चालू लागली की तिच्या मानेवर.

सं. रा. म्हणजे संघपाल रामटेके. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि रविवारी पहाटे हौशी लोकांना गोरेवाड्याच्या तलावावर पक्षी दाखवायला न्यायचे. मुलगी रितिका शिकायला पुण्याला गेली, घर एकदम मोकळं झालं, आणि रीना त्या ग्रुपात जाऊ लागली. पहिल्या काही रविवारी ती नुसती पाहून यायची. मग संघपाल सरांनी त्यांचा जुना कॅमेरा तिला वापरायला दिला. तेव्हा दुर्गेशला बरंच वाटलं होतं. पॉवर स्टेशनातल्या कंट्रोल रूमच्या ड्युट्या आणि घरी आल्यावर उदास बसलेली बायको, यातून काहीतरी वाट निघाली, असं त्यानं मित्रांनाही सांगितलं होतं.

एका रविवारी स्कूटर बिघडली म्हणून रीनाला आणायला तो स्वतः तलावावर गेला. लांबून त्याला दिसलं ते एवढंच. वारा सुटला होता. संघपाल सर वाऱ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी आपल्या कॅमेऱ्याची लांब लेन्स काढली, आणि रीनानं पाण्यावरची नजर न हलवता आपला कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ती लेन्स फिरवून बसवली. झालं. कोणाचा कोणाला हात लागला नाही. पण न पाहता धरलेला तो हात दुर्गेशच्या डोळ्यांपुढून जाईना. घरात पाण्याचा पेला द्यायचा तर रीना त्याच्याकडे पाहून द्यायची. तेवढाही परकेपणा तिथे नव्हता.

त्यानं काही विचारलं नाही. काय विचारणार? लेन्स काहून घेतली, असं?

आता तिला स्वतःचा कॅमेरा घ्यायचा होता. दोन नावं पक्की झाली होती. एक छोट्या सेन्सरचा, संघपाल सरांच्याच कंपनीचा. दुसरा मोठ्या सेन्सरचा, वेगळ्या कंपनीचा. महिनाभर रीना छोट्याबद्दल बोलत होती. तो हलका आहे, त्यात पाखरू मोठं दिसतं, हातात नीट बसतो. तिच्या प्रत्येक वाक्यात दुर्गेशला दुसराच आवाज ऐकू यायचा. मग ड्युटीच्या मधल्या सुट्टीत, कँटीनच्या कोपऱ्यात कानात वायर घालून तो व्हिडिओ पाहू लागला. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला उजेड टिपणारा तुकडा, त्यात उजेड कसा गोळा होतो, मेगापिक्सेल सारखे असले तरी फरक कुठे पडतो. अशाच एका व्हिडिओत तो पोरगा सहज बोलून गेला की या दोन कंपन्यांच्या लेन्स एकमेकींच्या कॅमेऱ्याला बसत नाहीत. दुर्गेशनं ते वाक्य मागे घेऊन पुन्हा ऐकलं. त्या दिवसापासून तो मोठ्या सेन्सरचा झाला.

रोहितनं दोन्ही फोटो मॉनिटरवर शेजारी शेजारी लावले आणि खोक्यांमागचा अंधार मोठा केला. छोट्या सेन्सरच्या फोटोत काळ्या रंगावर रवा सांडल्यासारखे दाणे होते. खोक्यावरची अक्षरं त्यात विरघळली होती. मोठ्याच्या फोटोत अंधार कसा गुळगुळीत होता, आणि अक्षरं लागत होती.

“पाह्य वं,” दुर्गेश म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला. “पाणी पडून राहिलं असंन, आणि तू अंगणात एक वाटी ठेवली अन् एक परात ठेवली. जास्त पाणी कशात जमा होईन? उजेडाचं तसंच आहे. हे परात आहे.”

“मी खोक्यांचे फोटो काढत नाही,” रीना म्हणाली. “पाखरांचे काढते.”

“पहाटेच जाते ना? पहाटे किती उजेड राहते?”

“पण मोठ्यात पाखरू एवढुसं येते.”

“छोट्यात काही जवळ नाही येत ते. चारी बाजूच्या कडा कापून टाकते, म्हणून तुले मोठं वाटते.”

रीनानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. “हे कोणी सांगतलं तुम्हाले?”

“वाचलं.”

“तुम्ही?” तिला हसू आलं. चांगलं हसू होतं ते, मनापासूनचं. पण दुर्गेशला वाटलं, तेच कडांबद्दलचं वाक्य संघपाल सरांनी म्हटलं असतं तर तिनं मान डोलावून ऐकलं असतं.

“सर येतो म्हणाले आहेत,” ती म्हणाली. “त्यांचा कॅमेरा पण वापस द्यायचा आहे. त्यांनाच विचारू.”

“विचार ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो?” तो म्हणाला, आणि मोठा कॅमेरा उचलून विनाकारण त्याचं झाकण काढत-लावत बसला. तो वाटच पाहत होता. परीक्षेला बसावं तसं त्यानं मनात सगळं लावून ठेवलं होतं. आधी उजेड, मग दाणे, मग सावलीतले बारकावे. आज त्या माणसाला रीनासमोर एकदा तरी गप्प करायचं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. संघपाल सर हातात हेल्मेट घेऊन वर आले, दारातच थांबून त्यांनी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, कानाजवळचे केस पांढरे, पायात साध्या चपला. प्रत्येक वेळी त्यांना पाहिलं की दुर्गेशला थोडा धक्का बसायचा. मनातला संघपाल याहून उंच होता.

“नमस्कार दुर्गेशजी. उशीर झाला मले.”

“या ना सर. तुमच्यासाठीच थांबलो.”

रोहितनं खुर्ची पुढे केली. संघपाल सर बसले नाहीत. ते मॉनिटरपुढे वाकले, दोन्ही फोटो त्यांनी पाहिले. दुर्गेशनं घसा साफ केला. उजेडाचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं.

“सर, मॅडमचं डिसाइड होऊन नाही राहिलं,” रोहित म्हणाला. “तुम्हीच सांगा.”

“मोठा घ्या,” संघपाल सर म्हणाले.

दुर्गेशचं वाक्य तिथेच राहिलं.

“तुम्ही पुन्हा तेच म्हणता,” रीना म्हणाली.

“पहिल्यापासून तेच म्हणून राहिलो.”

“पहिल्यापासून?” दुर्गेशनं विचारलं.

“दिवाळीपासून सांगतो आहे यांना, मोठाच घ्या म्हणून.” ते दुर्गेशकडे पाहून बोलत होते, पण नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या ट्रायपॉडांवर गेली होती. “या ऐकत नाहीत.”

दुर्गेशनं हातातला कॅमेरा खाली ठेवला. म्हणजे ते महिनाभराचं ‘छोटा बरा’ सगळं रीनाचं होतं. एकटीचं. त्यात दुसरा आवाज नव्हताच.

“तुमच्या लेन्स नाही लागत त्याला,” रीना म्हणाली. ती हळू बोलली, तक्रार केल्यासारखी नाही. विचारल्यासारखी.

“नाही लागत.”

“मग?”

“मग काय? तुमच्या तुम्ही घ्याल. आज एक, पुढे एक.”

“अरे, अडॅप्टर मिळते ना सर!” रोहित उत्साहानं खाली वाकला आणि ड्रॉवरमधून एक छोटी डबी काढून काउंटरवर ठेवली. “हे मध्ये लावलं की तुमची कोणतीही लेन्स मॅडमच्या कॅमेऱ्याले फिट. टेन्शनच नाही.”

“नको,” संघपाल सर म्हणाले. “फोकस हळू होतो त्यानं. पाखरू उडून जाते.”

“नाही सर, हे नवीन आलं आहे. एकदम फास्ट...”

“नको म्हटलं ना.”

आवाज चढला नव्हता. तरी रोहितनं डबी उचलून परत ड्रॉवरमध्ये टाकली. दुर्गेशनं मात्र चमकून वर पाहिलं. तो ‘नको’ त्याच्या ओळखीचा होता. महिनाभर तो स्वतः असाच अडून बसला होता. सेन्सरचं नाव पुढे करायचं, आणि मनात भलतंच धरून ठेवायचं. समोरचा माणूसही नेमकं तेच करत होता, त्याच्यासारखंच, त्याच कॅमेऱ्यासाठी, आणि त्याच लेन्सपायी.

खाली रस्त्यावर कोणाची तरी गाडी बराच वेळ हॉर्न वाजवत होती.

रीनानं गळ्यातला पट्टा डोक्यावरून काढायला घेतला. पट्ट्याच्या कडीत तिचे केस अडकले. दुर्गेशचा हात वर गेला आणि मधेच थांबला. संघपाल सर दुसरीकडे वळून बॅगांची रांग पाहू लागले. रीनानं स्वतःच केस सोडवले, एक-दोन तुटले असावेत, तिनं ओठ दाबले. मग कॅमेरा दोन्ही हातांनी पुढे केला.

“कार्ड काढून घेतलं माझं. पुसून ठेवला आहे.”

“बरं.” त्यांनी तो न पाहताच खांद्यावरच्या पिशवीत ठेवला.

“रविवारी मी तुम्हाले नव्या कॅमेऱ्याचे...”

“रविवारी मी नाही,” ते म्हणाले. “सावनेरच्या कॉलेजातली मुलं मागे लागली होती. तिकडे सुरू करतो आहे आता. इथलं ग्रुपातली मेघा पाहील. चांगली तयार झाली ती.”

“कधी ठरलं?”

“झालं आता.”

रीनानं मान हलवली. मग पुन्हा एकदा हलवली, जणू पहिल्यांदा ती नीट हलली नव्हती.

दुर्गेशला खरं तर हलकं वाटायला हवं होतं. त्याला जे जे पाहिजे होतं ते सगळं पाव तासात, त्यानं तोंडही न उघडता, पदरात पडलं होतं. पण छातीतली ती जुनी जळजळ गेली नव्हती. तिनं फक्त कूस बदलली होती. इतके दिवस हा माणूस आपलं काय घेऊन जाईल, ही भीती होती. आता तो काय सोडून चालला आहे ते समोर दिसत होतं, आणि ते त्याला इतकं मुकाट्यानं सोडता येत होतं, याचाच दुर्गेशला हेवा वाटू लागला. आपण सोडलं असतं का? आपण तर साधी एक लेन्स लागू देत नव्हतो.

“चलतो,” संघपाल सर म्हणाले. रीनाला त्यांनी नमस्कार केला. तिनंही केला.

“मी येतो खाली,” दुर्गेश म्हणाला.

जिन्यात दोघं एकामागे एक उतरले. खाली ज्यूसच्या गाड्यांपुढे कॉलेजच्या मुलांची गर्दी होती. संघपाल सरांची मोटरसायकल दोन कारच्या मधे अडकली होती. दुर्गेशनं मागून धरून ती बाहेर काढायला हात लावला.

“सर.”

“बोला.”

महिनाभर मनात घोळलेलं खूप काही होतं. त्यातलं एकही आता या माणसापुढे ठेवण्याजोगं उरलं नव्हतं. “चहा घेऊ ना थोडा,” तो म्हणाला.

“नको. आज नको.”

“मोठाच काहून, सर?”

संघपाल सरांनी हेल्मेट डोक्यात घातलं. हनुवटीखालची कडी त्यांना चटकन लावता येईना. लागल्यावर ते म्हणाले, “तुम्हीही मोठाच म्हणून राहिले होते ना? बरोबर होतं तुमचं.”

त्यांनी किक मारली. गाडी सुरू झाल्यावर, त्या आवाजात, ते थोडे पुढे झुकले. “त्यांचा हात फार स्थिर आहे. शिकवून नाही येत ते. माझा नाही तसा. त्यांना फोटो काढणं सोडू नका देऊ.”

दुर्गेशनं मान हलवली. मोटरसायकल गर्दीतून वाट काढत झेंडा चौकाकडे गेली. तो तिथेच उभा राहिला. मागून एका कारवाल्यानं बाजूला व्हायला सांगितलं तेव्हा तो हलला.

वर आला तेव्हा ट्यूबलाइट लागलेल्या होत्या. रीना खिडकीशी उभी होती. छोटा कॅमेरा तिनं डोळ्याला लावला होता आणि तो खालच्या रस्त्याकडे धरला होता. त्याची चाहूल लागली तसा तिनं तो खाली घेतला.

“गेले?”

“गेले.”

“काय म्हणत होते?”

‘काही नाही’ म्हणता आलं असतं. तेवढं म्हणणं सोपंही होतं. “तुझा हात स्थिर आहे म्हणाले. सरच्यापेक्षाही.”

रीना पाठमोरी झाली. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तिनं ओढणीचं टोक फिरवलं, एकाच जागी, बराच वेळ. नवीन काच. तिच्यावर काही नव्हतं. दुर्गेश तिच्या मानेकडे पाहत राहिला. दोन वर्षांनी ती मान मोकळी होती. पट्ट्याच्या घर्षणानं तिथे एक बारीक फिकट रेघ पडली होती. ती त्याला आजवर माहीत नव्हती.

“तुम्ही सांगा,” ती तशीच पाठमोरी म्हणाली. “कोणता घेऊ?”

एवढ्या दिवसांत हे तिनं त्याला पहिल्यांदाच विचारलं होतं. रोहितनं बिलबुकावरून डोकं वर केलं. दुर्गेशनं दोन्ही कॅमेऱ्यांकडे पाहिलं. ‘मोठा’ हा शब्द त्याच्या जिभेवर इतका तयार होता की तो गिळायला त्याला कष्ट पडले.

“छोटा घे,” तो म्हणाला.

ती वळली.

“छोटा घे. पाखरं मोठी दिसतील. हलका पण आहे.” तो थांबला. पुढचं बोलायचं होतं, आणि ते बोलल्याशिवाय आधीचं खरं झालं नसतं. “अन् सरच्या लेन्सा लागते त्याले. मागून घेत जाऊ आपण. सावनेर काही दूर नाही.”

रीना त्याच्याकडे पाहत राहिली. रोहितला अवघडल्यासारखं झालं असावं, तो उगाच खाली वाकून काहीतरी शोधू लागला. तिच्या नजरेत राग नव्हता. आभारही नव्हते. पहाटेच्या अंधूक उजेडात समोर काहीतरी हललं, आणि ते पान आहे की पाखरू हे ठरवेपर्यंत माणूस जसा पाहतो, तशी ती पाहत होती.

मग तिनं छोट्या कॅमेऱ्याचं झाकण लावलं, बोटानं दाबून ते नीट बसलं का पाहिलं, आणि तो काउंटरवर ठेवून हातानं रोहितकडे सरकवला.

“मोठा द्या, भैय्या.”

“रीना, मी म्हणून राहिलो ना...”

“मोठाच बरा.”

“पक्का ना, मॅडम?” रोहितनं विचारलं.

“पक्का.”

तिनं ऐकलं ते कोणाचं? त्याचं महिनाभराचं, की पाव तासापूर्वी जिना उतरून गेलेल्या माणसाचं? की कोणाचंच नाही? दुर्गेशला विचारावंसं वाटलं. रोहित कॅमेरा फोममध्ये बसवत होता, पट्टा वेगळा गुंडाळत होता, आणि रीना प्रत्येक वस्तू खोक्यात जाताना लक्ष देऊन पाहत होती. दुर्गेशनं खिशातून पाकीट काढलं.

परत निघाले तेव्हा ऊन उतरलं होतं. रीना स्कूटरवर मागे बसली, खोकं तिनं दोघांच्या मधे घेतलं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्याचा कोपरा दुर्गेशच्या पाठीला लागत होता. तो थोडा पुढे सरकून बसला, तरी लागत होता. मानकापूरच्या सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या. शेजारी कोळशाचा एक रिकामा ट्रक घरघरत उभा होता, त्याच्या आवाजात बोलायला बरं होतं.

“उद्या जाशीन तलावावर?” त्यानं मान न वळवता विचारलं.

“जाईन.”

ट्रकवाल्यानं उगाच एकदा रेस केली.

“मी येऊ?”

सिग्नल सुटला, पुढच्या गाड्या हलल्या, मागून हॉर्न सुरू झाले. दुर्गेशनं स्कूटर पुढे काढली. ट्रक मागे पडल्यावर त्याला तिचा आवाज कानाजवळ ऐकू आला.

“या,” ती म्हणाली. “पण तिथे बोलत नसते कोणी.”